रुमालाखालचा हात

धुळ्याच्या डॉक्टरानं दिलेल्या गोळ्या मी एका सकाळी पेटत्या बंबात टाकल्या. सगळ्या. मग त्याच बंबाच्या कढत पाण्यानं आंघोळ केली आणि आपण बरे झालो, असं स्वतःच ठरवून टाकलं.

कारण शेठ. बोदवडला त्याच्या अडतीवर मी कपाशीचे सौदे करायचो. तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. अडतीचा माणूस आणि व्यापारी, दोघांचे हात एका रुमालाखाली. बोटं दाबून भाव ठरे. हमालाच्या पोराला तो रुमाल मिळालेला. मी तो खांद्यावर शालीसारखा टाकून हिंडायचो.

आदल्या वर्षी झोप गेली, भर बाजारात रडू यायला लागलं, म्हणून धुळ्याला गेलो होतो. गोळ्यांनी सावरलो. कुणी विचारलं तर सांगायचो, पित्त आहे. एक दिवस चहा पिता पिता शेठ म्हणाला, डोक्याच्या गोळ्या खाणाऱ्याच्या हाती आपण रुमाल देणार नाही. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. तेवढं पुरलं. बंब पेटलेलाच होता.

पहिले दोन दिवस मी वाघ.

मग झोप पुन्हा गेली. नजर फिरवली की डोक्यात उघड्या तारेचा झटका बसे. कातडीखाली मुंग्या. अडतीवरच्या तोलकाट्याची साखळी वाजली की दातांत कळ. पाठीमागे कुणीतरी उभं आहे, याची खात्री. वळलो की भिंत. मला वाटलं, जुना आजारच उलटला. गोळ्या एकदम तोडल्याचं हे आहे, हे माझ्या शहाण्या डोक्यात आलंच नाही. हात तर असे थरथरायचे की मी अडतीवरून दोन किलोची वजनं घरी आणली. आडवा पडून तळहातांवर ठेवायचो. वजनंही थरथरायची.

"काय व्हयनं रे तुले?" अक्कानं विचारलं. अक्का माझी मोठी बहीण.

पित्त, म्हटलं.

त्या आठवड्यात पहूरचा व्यापारी आला. रुमालाखाली त्यानं माझी बोटं धरली. मी एक भाव दाबला, थरथरीनं दुसराच कळवला, मग तिसरा. त्यानं रुमाल ओढून काढला. म्हणाला, शेठ, तुमचा माणूस थट्टा करतोय.

शेठनं माझं मनगट धरून हात वर केला. सगळ्यांना दिसेल असा. उघड्यावर तो आणखीच हलायला लागला.

"हे याचं पित्त," शेठ म्हणाला.

मग त्याच रुमालानं त्यानं माझा हात काट्याच्या साखळीला बांधला. रिकामं पारडं खुळखुळायला लागलं. "काटा थांबला की सोडा याला." लोक हसले. हमाल हसले, ज्यांच्यात माझा बाप पाठ मोडेपर्यंत राबला होता. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात आधी मी हसलो. सवय. आपली फजिती आपणच आधी सांगायची, म्हणजे दुसऱ्याला काही उरत नाही.

पण ते पारडं थांबेना. लोकांचं हसून झालं, तरी ते वाजतच होतं. शेठ चष्मा पुसत उभा. त्याचा हात अगदी स्थिर. तेव्हा माझं हसू आटलं. हात माझा, आजार माझा, आणि तो कधी थांबायचा हे हा ठरवणार?

मी दातांनी गाठ सोडली.

"शेठ, पित्त नाही. डोक्याचा आजार आहे. मी गोळ्या खात होतो, आता पुन्हा खाणार."

रुमाल पारड्यात टाकला आणि धुळ्याची एसटी धरली. सगळी वाट पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी आवळून बसलो होतो.

डॉक्टर आधी ओरडले. मग गोळ्या पुन्हा सुरू केल्या. थांबवायच्या तेव्हा ते सांगतील तशा, हळूहळू. ते म्हणाले, तेव्हाही थोडं थरथरेल, घाबरायचं नाही, येऊन सांगायचं.

अडत सुटली. आता मी कुणाच्याच रुमालाखाली हात घालणार नाही. गोळी घ्यायची ती ओट्यावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर. कसली म्हणून विचारलं तर सांगायचं, डोक्याची. हात थरथरला तर थरथरू दे. लपवणार नाही, आणि त्यावर पहिला हसणारही नाही.

हे सगळं मी अक्काला छाती काढून ऐकवलं. तिनं गोळ्यांची पुडी माझ्या हातून काढून घेतली आणि बंबापासून लांब, वरच्या फळीवर ठेवली.

"आते बंबमा टाकू नको, भाऊ. तुन्हा डोकामा पहिलेच धूर शे."