पहिला घोट आमच्या गावाचा

माझं माहेर खाडीच्या अलीकडे, सासर पलीकडे. मधे दर्गा. आजूबाजूच्या पाच गावांचे त्या दर्ग्यात मान आहेत: कुणाचा संदल, कुणाची चादर, कुणाचं तेल. माझं माहेर सगळ्यांत लहान, पण दर्ग्याची विहीर आमच्या हद्दीत, म्हणून पाण्याचा मान आमचा. उरसात आमच्या घागरीतलं पाणी वाटल्याशिवाय कुणी जेवणाला हात लावत नाही. या गावांतली माणसं पोटापाण्यासाठी इथे सौदीत, जुबैलला आली तेव्हा मानही सोबत घेऊन आली. रमजानमध्ये एकदा पाचही गावं मिळून इफ्तार करतात, आणि पहिलं पाणी आमच्या गावाने वाढायचं.

यंदा उरसात भांडण पेटलं. संदलाची मिरवणूक जुन्या पाखाडीच्या दगडी वाटेने न्यायची की सासरकडच्या नव्या बंगल्यांसमोरून, एवढ्यावरून. माहेरच्यांनी पाखाडी सोडली नाही. मग सासरच्या शहाण्यांनी काय करावं? आमच्या नळाची लाईन त्यांच्या हद्दीतून येते, तिचा व्हॉल्व्ह बंद करून टाकला. विहीर थंडी सरली की मचूळ होते, म्हणजे प्यायचं पाणी लांबून आणायचं. आई फोनवर म्हणाली, "रोज्यात घागर उचलवत नाही गो बाय." माझं डोकं फिरलं. भांडा ना, डोकी फोडा, पण म्हातारीच्या तोंडचं पाणी तोडता?

मी इथल्या भारतीय शाळेत इतिहास शिकवते. त्याच आठवड्यात नववीला प्राचीन ग्रीस होता. डेल्फीच्या देवळाभोवतीच्या लोकांनी संघ केला होता, थोर असो वा लहान, मतं सगळ्यांना सारखी. आणि त्यांची शपथ होती की युद्ध असो वा शांतता, संघातल्या कुणाचं वाहतं पाणी तोडायचं नाही. एक मुलगी म्हणाली, "मॅम, उनके पास डिसॅलिनेशन प्लांट नहीं था ना, इसलिए." वर्ग हसला, मीही हसले. मग तिनेच विचारलं, शपथ पाळली का त्यांनी? म्हटलं, नाही. पुढे याच लोकांनी देवाच्या नावाने एका गावाच्या पाण्यात विष कालवलं असं सांगतात. शपथ नुसती घेऊन भागत नाही, कुणीतरी आडवं उभं राहावं लागतं. हे बोलले आणि माझं मलाच कळलं की मी काय करणार आहे.

नवरा म्हणाला, "घरची भांडणं इथे नको." मी म्हटलं, "पाणी तोडताना घर आठवलं नाही वाटतं कुणाला?" तो शिफ्टला निघून गेला.

सासरच्या गावाचे इथले वडीलधारे म्हणजे माझे चुलत सासरे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी खुशाल इथेच नोकरीला असलेल्या माझ्या भावाला फोन केला: "पाणी तुमचं. वेळेवर या." यालाच म्हणतात निर्लज्जपणा. भाऊ मला म्हणाला, "आपा, मला नोकरीला त्यांनीच लावलंय. काय बोलू?" बिचाऱ्याचं तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी म्हटलं, "तू फक्त पाण्याचे जग आण. बोलायचं मी बघते."

इफ्तारसाठी शहराबाहेर एक इस्तिराहा भाड्याने घेतला होता, मोठं आवार, पुरुषांची खोली वेगळी, बायकांची वेगळी, मधल्या दाराला पडदा. भावाने जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर स्टीलचे जग मांडले. अजान झाली. खजूर तोंडात पडले. खजुराने रोजा सुटतो, पाप कुणालाच लागणार नव्हतं. चाचांनी जग उचलला, कलंडला, त्यातून थेंब पडला नाही. दुसराही कोरडा. भिंतीला बाटल्यांचे खोके रचलेले होते, पण एकाही माणसाने तिकडे हात नेला नाही, सासरच्यांनीसुद्धा नाही. मान म्हणजे मान.

मी पडद्यातून पुढे आले आणि पुरुषांच्या खोलीच्या दारात उभी राहिले.

चाचा म्हणाले, "बाय, दिवसभराचा रोजा आहे लोकांचा."

"तिकडे पण रोजाच होता, चाचा. आमच्या गावात पाणी नाही, तर वाढू कुठून?"

"ते गावचं प्रकरण. इथे मी काय करणार?"

"फोन करा. तुमचा शब्द गावात कुणी मोडत नाही हे तुम्हीच सांगता."

भाऊ खाली बघत होता. मला आत बस म्हणणारे दोघेतिघे होतेच. मी हलले नाही. चाचांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. घसे सगळ्यांचे सुकले होते आणि सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी फोन लावला. "व्हॉल्व्ह उघडा. आत्ता. कारण नंतर विचारा."

कुणीतरी म्हणालं, खलास, झालं काम, आता वाढा. मी म्हटलं, आईचा फोन येऊ दे. मगरिबची नमाज तशाच कोरड्या घशांनी झाली.

मग फोन वाजला. मी स्पीकर लावला. आधी नळातून हवा सुटल्याचा आवाज, मग हंड्यात धार, आणि आईचं रडणं. भावाने खोके फोडले, जग भरले. पहिला पेला मी स्वतः चाचांसमोर धरला. ते वर बघेनात.

"आमच्या गावाचं पाणी आहे," मी म्हटलं. "आता प्या."