श्रीमंतकाकांच्या डाव्या हातासाठी वूफर

गफारचाचांना कुठलीही वस्तू दाखवा, ते आधी ती हातात घेऊन वर-खाली करतात. टरबूज असो, कुलूप असो, नवा मोबाईल असो. ढोकीत त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. चाळीस वर्षं जळालेल्या मोटरी उचलून त्यांच्या मनगटात तराजूच बसलाय. "जड हाय म्हंजे आत माल हाय," हे त्यांचं एकमेव शास्त्र. मोटरीपुरतं ते खरंही आहे. तांबं कमी भरलेली मोटर चाचा नुसती उचलून ओळखतात आणि ती बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. अडचण एवढीच की हे शास्त्र ते सगळीकडं लावतात. धाकट्या मुलीला, तरन्नुमला, बघायला स्थळ आलं तेव्हा मुलाशी हात मिळवून चाचा आत गेले आणि लालबीचाचीला म्हणाले, "हलका हाय गं." मुलगा तलाठी होता. लग्न झालं, संसार चांगला चाललाय, तरी जावई आला की चाचा त्याला अजून दोन भाकरी जास्त वाढायला लावतात.

यंदा उन्हाळ्यात ह्या शास्त्रानं आम्हा सगळ्यांचा तीन आठवडे जीव खाल्ला. सुरुवात मात्र माझ्याच हातून झाली, हे कबूल करायला पाहिजे.

माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चाचांच्या दुकानाला लागून. एक दिवस चाचांनी एक कॅसेट आणून दिली. तीस वर्षांपूर्वी आमच्या भजनी मंडळाला लाऊडस्पीकर चाचाच लावायचे, आणि एका गुरुवारी त्यांनी पखवाजाजवळ चांगला माईक ठेवून अख्खं भजन भरून घेतलं होतं. पखवाजावर होते त्यांचे जोडीदार श्रीमंतकाका. काकांची हयात मेंढरामागं गेली, पण ढोकीत पखवाज म्हटलं की त्यांचंच नाव. तीन वर्षांपूर्वी त्यांचा खांदा निखळला, तेव्हापासून वाद्य सुरज नावाच्या पोराकडं गेलं आणि काका शेजारी बसून टाळ वाजवायला लागले.

मी कॅसेट मोबाईलवर उतरवली आणि मोठ्या कौतुकानं मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. पाच मिनिटांत सुरजचा मेसेज: "उजवा हात जोरात. डावा हात रजेवर आहे का?" खाली अकरा जणांची हसणारी तोंडं.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात. तो खालचा, घुमणारा आवाज तिथनं येतो, आणि वाजवणाऱ्याची खरी परीक्षाही तिथंच होते. मोबाईलच्या चिमणीएवढ्या स्पीकरमधून तो येणार कुठून? पण हे कोण ध्यानात घेतो! श्रीमंतकाकांच्या सुनेनं त्यांना मेसेज वाचून दाखवला, हसणारी तोंडं मोजून दाखवली, आणि त्या गुरुवारी काका भजनाला आले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. त्याच दुपारी त्यांना मी मेंढरामागं माळ चढताना बघितलं होतं.

दुसऱ्या गुरुवारीही आले नाहीत. तेव्हा चाचा माझ्या दुकानात येऊन उभे राहिले.

"तूच टाकलंस ना ते?"

"हो चाचा, पण..."

"टेपात डावा हात हाय. म्या सोता भरलाय. आता त्या पोराच्या कानापर्यंत तो न्यायचा, आन शिरमंत्याला गुरुवारी बसवायचा. तू कळंबाच्या कॉलेजात फिजिक्स शिकलायस का न्हाय?"

शिकलोय. बासष्ट टक्के. त्याचा उपयोग पुढं दिसलाच.

पहिल्यांदा चाचांनी दुकानातली जुनी स्पीकरची पेटी काढली आणि काकांना बोलावून आणलं. काका स्टुलावर बसले, डोळे मिटले, दोन मिनिटांत उघडले. "हे माझं न्हाय. कणगीत बसून कुणीतरी पोट बडवतंय."

मग मी ज्ञान पाजळलं. एका व्हिडिओत बघितलं होतं की पेटी करायचीच नाही; एका उघड्या फळीला भोक पाडून वूफर बसवायचा, मागची बाजू मोकळी सोडायची. आवाज कोंडत नाही. चाचांना पटलं. लालबीचाचीची शेवया वाळत घालायची रुंद फळी त्यांनी न विचारता उचलली, त्यावरून घरात जे झालं ते झालं, आणि वूफर निवडायला आम्ही मोटरसायकलवर कळंबला गेलो.

गुरुसिद्धप्पांचं दुकान म्हणजे लग्नातल्या डीजेवाल्यांचं तीर्थक्षेत्र. काळ्या रंगाचे, परातीएवढे वूफर भिंतभर.

"कशासाठी पाहिजे, मामा? डीजे का बँड?" त्यांनी विचारलं.

"पखवाज," चाचा म्हणाले.

"पब्लिक किती?"

"एक माणूस."

गुरुसिद्धप्पांनी माझ्याकडं बघितलं. "एका माणसाला बारा इंची? बहिरा हाय का?"

"कान लई तिखट हाय. तीच तर बोंब हाय."

पुढचा एक तास चाचा वूफर उचलत होते. हा वर-खाली, तो वर-खाली. मागचं लोहचुंबक जेवढं मोठं तेवढा चाचांचा चेहरा खुलायचा. शेवटी मनगटावरही विश्वास बसेना, तेव्हा चार वूफर घेऊन ते शेजारच्या भुसार दुकानात शिरले आणि तुरीच्या पोत्यांमधल्या काट्यावर एकेक ठेवायला लागले. हमाल गंभीरपणे म्हणाला, "पाच किलो सहाशे. पोत्याचं वजन वजा करायचं का?" चाचांनी सगळ्यांत जड दोन घेतले. मी म्हणालो, "चाचा, वजनावर कसं काय..." ते म्हणाले, "गप. जड हाय म्हंजे आत माल हाय."

फळीला भोकं पडली, वूफर बसले, वर एक छोटा स्पीकर, मागं चाचांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर. काका स्टुलावर. उजवा हात असा वाजला की पत्र्यावर गारा पडाव्यात. बोट न् बोट मोजता येत होतं.

"डावा?" चाचांनी विचारलं.

"न्हाय," काका म्हणाले.

शहाण्या माणसानं इथं थांबून विचार केला असता. चाचांनी वाशीच्या शिवपुत्र डीजेवाल्याकडून पंधरा इंची आणला. दोघांनी उचलून टेंपोतनं उतरवला. फळीचं एक भोक करवतीनं वाढवलं. आवाज आणखी बारीक झाला! जेवढं जड आणावं तेवढा डावा हात लांब जायचा. चाचांनी मग अ‍ॅम्प्लिफायरला शिव्या दिल्या, वायर बदलली, वायर पुन्हा पहिली लावली, फळी आडवी केली, उभी केली, माझी डिग्री खरी आहे का ते विचारलं. दुकानात लोकांच्या मोटरी जळून पडलेल्या. पाण्याविना ऊस वाळत असलेला माणूस दारात उभा, आणि चाचा त्याला म्हणतात, "थांबा जरा, तुमाला डावा हात ऐकू येतो का बगा."

लालबीचाची चहा आदळून म्हणाली, "सोहेलचे अब्बा, लोक मोटरी उचलून दुसरीकडं न्यायला लागलेत. तुमी ढोल ऐकत बसा."

"पखवाज हाय तो."

"व्हय का? मग तर लई चांगलं झालं."

तिसऱ्या आठवड्यात काका स्टुलावरून आपणच उठले. टॉवेल खांद्यावर टाकला. "गफार, बास आता. तीस वर्षांमागचं तुला काय आन मला काय आठवतंय? नसंल वाजला. पोरगं म्हणतंय तेच खरं आसंल."

"म्या भरलाय, शिरमंत्या! माज्या कानानं..."

"तुजे कान मोटरीत गेलेत," काका म्हणाले आणि निघून गेले. चाचांनी अ‍ॅम्प्लिफायरचं बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी ते शिवपुत्रचं धूड परत द्यायला काढत होते. वायरी लोंबू नयेत म्हणून त्यांनी दोन्ही टोकं एकमेकींना पिळून टाकली आणि धूळ झटकायला वूफरच्या कागदी पडद्यावर हात ठेवला. हात तसाच राहिला. त्यांनी पडदा आत दाबला. वायरीचा पीळ सोडला, परत दाबला. परत पिळल्या, परत दाबला.

"बसू," त्यांनी मला हाक मारली, "हिकडं ये. दाब."

दाबला. वायरी जोडलेल्या असताना पडदा चिखलात रुतल्यासारखा जड. सोडल्या की मोकळा.

"नव्या पंख्याच्या वायरी एकमेकींना टेकल्या की पातं कसं जड फिरतं? आत चुंबक असतंय म्हणून. तेच हे! अ‍ॅम्प्लिफायरला जोडल्या तरी वायरी टेकल्यागतच. चुंबक मोठं म्हंजे बिरेक मोठा. आपुन तीन आठवडे बिरेक इकत घेतोय रे!"

तेव्हा कुठं मी तो व्हिडिओ पहिल्यापासून बघितला. मागच्या वेळी मी शेवटची पाच मिनिटंच बघितली होती. त्यात अगदी हेच सांगितलं होतं: उघड्या फळीमागून निघालेला आवाज कडेनं वळून पुढं येतो आणि पुढच्या आवाजाला खाऊन टाकतो, खालचा आवाज उरवायचा असेल तर पडदा सैल हवा, ऐसपैस हलणारा. मोठ्या चुंबकाचा ताठ वूफर पेटीसाठी. हे मी चाचांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पान्हा खाली ठेवला, बहुतेक माझ्याच भल्यासाठी.

मग आम्ही मिनाज भंगारवाल्याकडं गेलो. चाचांच्या हातात वायरीचा वीतभर तुकडा. जुन्या रेडिओग्रामचे, पडीक टेपचे जेवढे वूफर निघाले, त्यांच्या दोन टोकांना तो तुकडा जोडायचा, बोटानं पडदा दाबायचा, कान लावून थांबायचं. मिनाज म्हणाला, "चाचा, नाडी बगताय का? मेलेत ते सगळे." चाचांनी अठरा नाकारले. शेवटी बारा इंची, पिवळ्या पडलेल्या कागदाचे, मागं पेढ्याएवढं चुंबक असलेले दोन मिळाले. वायर जोडलेली असतानाही पडदा पाळण्यासारखा हलला.

चाचांनी ते हातात घेतले, आणि सवयीनं वर-खाली केले. तोंड कडू झालं. "काईच न्हाय रे ह्यात," ते कळवळून म्हणाले. घरी येईपर्यंत पिशवीवर गोणपाट टाकून ठेवलं होतं, कुणी बघितलं तर काय म्हणेल!

पंधरा इंचीसाठी फळीचं भोक वाढवल्यानं ती वाया गेली होती. नव्या फळीसाठी चाचीच्या कपाटाचं दार गेलं. ते प्रकरण मी इथं लिहीत नाही.

सुरजला मी बोलावून घेतलं. काकांना आणायला चाचा माझ्या गाडीवर मागं बसून माळावर आले. काका मेंढरांकडंच बघत म्हणाले, "म्या न्हाय येत. लई झालं हसं."

"न्हाय आलास तर टेपात डावा हात न्हाय, असं मीच ग्रुपवर टाकतो."

"तुला टाकता येतं का?"

"बसू टाकंल."

काका आले. स्टुलावर न बसता दारातच उभे राहिले, सुरजकडं पाठ करून. मी टेप सुरू केली. आधी टाळ, मग उजव्या हाताची बोटं, आणि मग कपाटाच्या त्या दारातून आवाज आला. डीजेसारखा छातीवर बसणारा नव्हे. ओल्या कणकेवर तळवा टेकून पुढं घसरतो ना, तसा गोल, घुमत, लांबत गेलेला. चाचा दोन्ही हात कमरेवर ठेवून सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत होते. सुरजची मान खाली. त्याचा स्वतःचा डावा हात मांडीवर हलायला लागला होता, आणि मध्येच चुकून थांबत होता.

काका हळूहळू वळले. आता तोंडभर हसतील, चाचांना मिठी मारतील, असं मला वाटलं. ते म्हणाले, "बंद कर. मागं घे. आजून मागं. हां, इथं!"

"काय झालं?" चाचांनी विचारलं.

"तिसऱ्या फेरीत डावा हात उशिरा पडलाय. चुकलोय म्या."

चाचांनी कपाळावर हात मारला. "आरं, तीन आठवडे! दोन फळ्या! लोकांच्या मोटरी! आन तू चूक काढतोस?"

"चूक हाय तर काढायची न्हाय?"

सुरज उठला. "काका, मला नाही कळली चूक. मला तर हे असं वाजतं तेच माहीत नव्हतं. ग्रुपवर माफी लिहितो." त्यानं मोबाईल काढून लिहिलं आणि वाचून दाखवलं: "श्रीमंतकाकांचा डावा हात टेपमध्ये पूर्ण आहे. मी चुकीचं बोललो."

"आन तिसऱ्या फेरीत चुकलाय ते बी लिव्ह," काका म्हणाले.

"राहू दे ना काका."

"लिव्ह म्हणतो ना. अर्धं खरं लिवू नको."

चाचा ओरडले, "नको लिवू!" काका ओरडले, "लिव्ह!" सुरज माझ्याकडं बघायला लागला. मी छताकडं. शेवटी त्यानं लिहिलं. ह्या खेपेला एकानंही हसणारं तोंड टाकलं नाही. काकांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, टॉवेल झटकला आणि माळाकडं चालू लागले.

गुरुवारी काका सगळ्यांच्या आधी देवळात हजर. टाळ घेतलेच नाहीत. सुरजच्या डाव्या अंगाला, गुडघ्याला गुडघा लावून बसले. पहिला अभंग कुठं रंगात येतोय तोच त्यांनी त्याचं मनगट धरलं. "थांब. घाई करतोयस. परत घे." बारा टाळकरी हात वर धरून थांबले. त्या अभंगात आम्ही एकूण पाच वेळा थांबलो.