अंड्याच्या डब्यातला रुपया

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या केशवापुराला कळलं असतं — हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण लाज. तुम्ही माझे ना सोयरे ना शेजारी, म्हणून तुम्हाला सांगवतं.

गुरुनाथ आणि मी, दोघंही जुन्या नाण्यांचे वेडे. रविवारी दुर्गदबैलाच्या बाजारात सराफांकडची जुन्या चांदीची मोड चाळायला बरोबर जायचो. माझ्याकडे पेटीभर नाणी, पण त्याचं एकच माझ्या डोळ्यांत सलायचं — त्याच्या आईचा चांदीचा रुपया. वर्षानुवर्षं कापडात राहून त्यावर निळी-जांभळी झाक आली होती. त्या झाकेतच त्याचं मोल. घासली की संपलं. कितीदा मागितला मी! तो हसायचा. ‘आईला विकू का रे?’

लक्ष्मीपूजनाला तो रुपया पाटावर असायचा, पण ठेवायचा गुरुनाथ स्वतः. का, ते त्यानं बायकोला, सुमनक्काला, कधी सांगितलं नव्हतं. बायकांना नाण्यांतलं काय कळतं — हा आम्हा दोघांचाही तोरा.

त्या वर्षी पूजेच्या सकाळी गेलो तर तो बाजारात. सुमनक्का मागच्या दारी चिंच-रांगोळीनं देवाची भांडी घासत बसलेली. मी म्हणालो, अगदी सहज — देवीपुढे असला काळवंडलेला रुपया बरा दिसतो का? उजळून ठेवा की, गुरुनाथ खूश होईल. जीभ घसरली, असं म्हणू? नाही हो. रस्त्यातच ठरवून आलो होतो.

रुपया नव्या स्टीलच्या वाटीसारखा लखलखला. गुरुनाथ ओरडला नाही. त्यानं तिच्याशी बोलणंच टाकलं. देव्हाऱ्याला हात लावू देईना. जेवायचा, पण स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यायचा. आणि मला? मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू — फार बरं वाटलं.

तेवढ्यानं पोट भरलं नाही. वर मोठेपणाही हवा होता. बघतो काही जमतं का, म्हणून रुपया घरी आणला. उकडलेलं अंडं कुस्करून डब्यात घातलं, त्यावर काड्या आडव्या टाकून रुपया ठेवला, झाकण घट्ट लावलं. त्या वासानं चांदीवर रंग चढतो. नाण्यांच्या धंद्यातली जुनी लबाडी आहे ही. आधी पिवळा, मग जांभळा, मग निळा. ज्या घरात अंड्याचं नावसुद्धा काढत नाहीत, त्या घरच्या देव्हाऱ्यात मी तो रुपया नेऊन ठेवला.

गुरुनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा पारखी माणूस — त्याला ओळखू आलं नाही, की ओळखायचंच नव्हतं? सुमनक्का चहा घेऊन आली, तर तिच्याकडे न बघता म्हणाला, ‘काही हात बिघडवतात, काही सावरतात.’ मी तो चहा प्यालो.

ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. हळूच म्हणाली, ‘अण्णा, तुमचं नाव मी घेतलं नाही. त्यांना जिवाभावाचं असं तुमच्याशिवाय कोण आहे?’

तुम्ही काय म्हणाला असता? मी म्हणालो, ‘बरं केलंत, अक्का.’ आणि स्कूटरला किक मारली.

यंदा श्रावणात ती गेली. शेवटपर्यंत देव्हाऱ्याला लांबूनच हात जोडायची. तेराव्याला चार लोकांत बसून गुरुनाथ सांगत होता — बाई भली होती, पण हाताला जपणूक नव्हती. आईचा रुपया घालवलाच होता तिनं, या माझ्या दोस्तानं वाचवला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो होता. मी मान डोलावली.