रुमाल टाकून पकडलेली जागा

कणकवली डेपोत एसटी लागताच एका म्हाताऱ्याने खिडकीतून रुमाल टाकून इंजिनालगतची जागा पकडली. खालून चटके बसत होते. गृहस्थ कधी डावी मांडी उचलायचे, कधी उजवी. वाटेत मागे जागा झाली, तरी उठेनात.

"माका गावलेली जागा मी कित्याक सोडू?"

शेजारी मी मोबाइलवर बातमी बघत होतो. कुठल्याशा युद्धात सैन्याने अणुवीज प्रकल्प ताब्यात घेतला होता. ते वाकून म्हणाले, "त्यांचा माझ्यासारखाच झाला रे. जागा गावली, पण खाली आग. बंदूक दाखवन आग थंड होता काय? भडकली तर गाडीतले सगळेच भाजतले."

मालवणला ते उतरले. लगेच त्या जागेवर बाहेरून दोन रुमाल येऊन पडले.