बोरन्हाणानंतर सोडलेलं घर

डिलाईल रोडच्या खोलीतून आम्ही नवराबायको निघालो तेव्हा टॅक्सीत दोन बॅगा, एक कुकर आणि माझ्या मांडीवर झोपलेली साडेतीन वर्षांची मुक्ता, एवढंच होतं. सोडायला तुमच्यापैकी कोणी खाली उतरलं नाही. आई, तुम्ही गॅलरीतून सुनेला ऐकवलंत, "जावा, आठ दिवसात परत येशात." सहा वर्षं झाली. आम्ही राहतो ते वडाळा काही सातासमुद्रापार नाही. मी मुद्दाम आले नाही.

कारण ते बोरन्हाण. मुक्ताला काळा जरीचा फ्रॉक आणि वर हलव्याचे दागिने घातले होते. तो काटेरी हलवा मानेला बोचत होता, ती ओरबाडून काढत होती. त्यात डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतले आणि चाळीतली पोरं तिच्यावर तुटून पडली. ती किंचाळत कपडे फाडायला लागली. थोरल्या वैनींनी तिचे दोन्ही हात दाबून धरले, का तर फोटो व्हायचा होता. ती वैनींना कडकडून चावली. आई, तुम्ही म्हणालात, "चेडवाची नाटकां सगळी." आणि मी, तिची सख्खी आई, सगळ्यांदेखत तिच्या थोबाडीत मारली. तुमच्यावरचा राग एक वेळ उतरेल, त्या चापटीचा माझ्यावरचा उतरत नाही.

मग तुम्ही रोज मिरच्या जाळून तिची दृष्ट काढायला लागलात. त्या धुराने ती ओकायची, की तुम्ही म्हणायचात, बघा, केवढी लागली होती. चौथ्या दिवशी आम्ही बॅगा भरल्या.

इथल्या थेरपिस्ट मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "ती खोटं रडत नाही. आपल्याला जे नुसतं लागतं, ते तिला खरंच टोचतं." मी क्लिनिकमध्ये रडले आणि बसस्टॉपवर तुम्हा एकेकाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. आता फ्रॉकची लेबलं कापते, मोजे उलटे घालते, मिक्सर लावायच्या आधी तिला सांगते. फारच झालं तर चादरीत गच्च गुंडाळून धरते, मग ती शांत होते. एवढंच हवं होतं हो तिला.

दर संक्रांतीला वैनींचा फोन यायचा. मी सांगायचे, तिला जमत नाही. साफ खोटं. हेडफोन लावून ती तासभर आरामात बसली असती. पण नातीसाठी तुमचा जीव तळमळावा असं मला वाटत होतं. लपवत नाही.

परवा आई एकट्याच बसने वडाळ्याला आल्या. घरी जाऊन त्यांनी तुम्हा बाकीच्यांना काय सांगितलं देव जाणे, म्हणून मीच सांगते. दारातच गालगुच्चा घ्यायला त्यांचा हात पुढे झाला. मुक्ता दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, "आधी विचारायचं."

आईंनी हात मागे घेतला. मग खूप हळू विचारलं, "हात लावू काय गो?"

"नको."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. 'असं काय गं, आजी आहे ना,' एवढं मी म्हणावं म्हणून त्या थांबल्या होत्या. मी चहा टाकायला आत गेले. सहा वर्षांत एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

आई संध्याकाळपर्यंत बसल्या, हात मांडीवर ठेवून. मुक्ता समोर चित्र काढत होती. तुम्हालाही यायचं असेल तर या. माझ्या घरात तिने नको म्हटलं की विषय संपतो.