ऑटोची पायरी

दर मंगळवारी मला सदर भागातल्या दवाखान्यात नेणाऱ्या ऑटोवाल्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही. तो ऑटो आमच्या ओट्याला अगदी चिकटवून लावतो. लकव्यानं उजवा पाय गेल्यापासून मला चढायला फार वेळ लागतो. तेवढा वेळ तो समोरचा आरसा छताकडे फिरवून ठेवतो आणि रस्त्याकडे बघत बसतो. मी "हं" म्हटलं की आरसा खाली येतो. वाटेत एवढंच बोलतो, "धरून बसा ताई, खड्डा येऊन राहिला."

परवा शनिवारीच दारात हॉर्न वाजला. पाहते तर कोरा करकरीत ऑटो, मागच्या सीटवर नारळ आणि झेंडूचा हार.

"आज काहून आले, भाऊ?"

"पूजेले चाललो होतो, ताई. म्हटलं, आधी तुम्ही चढून पाहा. वेल्डरकडून ही पायरी लावून घेतली. तुमचा पाय नाही पोचला तर परत त्याच्याकडेच जाईन. नारळ मंग फोडू."

मी पाय ठेवला. पोचला. दांडा धरून आत बसले आणि समोर पाहिलं. नव्या आरशावरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं, पण तो छताकडे फिरवून झाला होता.