टग बाहेर असेपर्यंत

बॅटरीवाल्या बाईंनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते दुकानाच्या काचेतून. समोरच्या फुटपाथवर एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ उभे होते. हातातला जुना रेडिओ ते कानाजवळ धरून हलवत होते, बंद पडलेलं घड्याळ हलवावं तसा. मग रस्ता ओलांडून आत आले, पायपुसण्यावर चपला घासल्या आणि काउंटरवर आधी आपला रुमाल अंथरून त्यावर रेडिओ ठेवला. एवढ्यावरूनच बाईंनी ओळखलं, की हे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येणार.

दुकान एवढंसं. घड्याळांचे पट्टे, रिमोट, टॉर्च आणि भिंतभर सेल. मागे पडदा, पडद्याआड सासूबाईंची खुर्ची. सासूबाईंना दिसायचं कमी, पण ऐकू सगळं यायचं.

"हा गाण्यांचा रेडिओ नव्हे," ते म्हणाले. "स्कॅनर आहे. बंदरातली बोलणी ऐकू येतात यावर. साधे सेल घालून घालून कंटाळलो. चार्ज होणारे चार द्या. ताकदीचा सगळ्यात मोठा आकडा छापलेले."

"पुष्कळ वेळ ऐकता का?"

"छे. संध्याकाळी एक टग, म्हणजे जहाजं ओढणारी बोट, परत येते. धक्क्याला लागली की बंदराला कळवते. तेवढं ऐकलं की झालं, पाच मिनिटांचं काम. पण नेमका त्याच वेळेला हा मान टाकतो."

बाईंनी मागचं झाकण उघडलं. सेलच्या खाचेशेजारी तांदळाएवढा एक खटका होता. तो त्यांनी नखाने सरकवला. "चार्जच्या सेलचा जोर साध्यापेक्षा थोडा कमी असतो, काका. खटका या बाजूला नसेल, तर रेडिओला वाटतं सेल संपत आले, आणि तो उगाच पिप-पिप करत बसतो. मात्र आता यात साधे सेल घालून चार्जला लावू नका. गळून आतलं सगळं खाऊन टाकतील."

"समजलं. ओव्हर," ते म्हणाले आणि लाजले.

ते गेल्यावर पडद्याआडून हसू आलं. "ओव्हरकाका होते ना? फोनवरसुद्धा असंच म्हणतो तो. टगवर जन्म गेला. मोठमोठी जहाजं ओढून धक्क्याला लावायची. बायको गेली, आता त्याच टगवर लेक आहे. तीच चालवते."

"मग वडिलांकडे येत नाही का ती?"

"येते की. डबा ठेवते, घड्याळ बघते, जाते."

चार दिवसांनी काका परत आले. सेल संध्याकाळपर्यंत टिकत नव्हते. बाईंनी एक सेल तळहातावर तोलला आणि त्यांचा चेहरा पडला. आकडा भलाथोरला, वजन मात्र रिकाम्या काडेपेटीचं. आपल्याच दुकानातून असा माल गेला, याची त्यांना शरम वाटली. त्यांनी दुसरे काढून दिले.

"यावर आकडा लहान आहे," काका कुरकुरले.

"पण लिहिलाय तेवढा देतात. आणि नुसते पडून राहिले तरी उतरत नाहीत. पाच मिनिटं ऐकणाऱ्याला महिनाभर बघायला नको."

"तरी पण, लहान म्हणजे..."

"काका, तुम्हाला आकडा ऐकायचाय की मुलगी?"

बोलून गेल्यावर बाईंनी जीभ चावली. काकांनी रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली.

"कोणाकोणाला माहीत आहे हे?"

"फक्त आमच्या सासूबाईंना."

"म्हणजे सगळ्यांनाच," काका म्हणाले. पडद्याआड कोणीतरी मुद्दाम खोकलं.

त्यानंतर आठवडाही झाला नसेल, सकाळी दुकान उघडायला बाई आल्या तर काका पायरीवर. आदल्या दिवशी वारा सुटला होता आणि ऐन संध्याकाळी रेडिओ पुन्हा गप्प झाला. ते तसेच उठून बंदरापर्यंत चालत गेले. आत सोडणार कोण, म्हणून कुंपणाबाहेर उभे राहिले. टगचे दिवे धक्क्याला लागलेले दिसले, तेव्हा माघारी वळले. आता घोटे सुजले होते.

"आज इथेच बसा," बाई म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांसमोर काय होतं ते बघू."

काका स्टुलावर बसले. चामड्याच्या कव्हरातला रेडिओ मांडीवर, त्यावर दोन्ही हात. गिऱ्हाइकं आली, गेली. कोणी पट्टा बदलून नेला, कोणी नुसताच भाव विचारून गेलं. काका कोणाशी बोलले नाहीत. रेडिओही बोलला नाही. दुपार कलल्यावर बाईंनी सहज कव्हराचं पान उचललं. आत दिवा लागलेला होता आणि आकडे भराभरा पळत होते.

"अहो काका, हा चालू आहे."

"चालूच असतो."

"मग आवाज?"

"शून्यावर. दिवसभर कोण कोण बडबडत असतं, कान किटतात. संध्याकाळी वाढवतो."

बाईंनी कपाळाला हात लावला. "पाच मिनिटं म्हणाला होतात!"

"ऐकतो पाच मिनिटंच."

"मग बाकीचा वेळ बंद का नाही करत?"

काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू भर दुकानात सदरा काढायला सांगितलाय. "टग बाहेर असताना रेडिओ बंद करत नाहीत."

"ती टग आता तुमची नाही," पडद्याआडून सासूबाई म्हणाल्या.

"नाही," काका म्हणाले. "पण लेक बाहेर आहे."

पडद्याआड खुर्ची पुढे सरकली.

थोड्या वेळाने बाईंनी हळूच विचारलं, "फोन करत नाही का ती?"

"करते. रविवारी. जेवलात का, गोळ्या घेतल्या का. मी हो म्हणतो. मग दोघंही गप्प बसतो, आणि ती म्हणते, ठेवू का." काकांनी कव्हरावरून अंगठा फिरवला. "रेडिओवर मोकळी बोलते. वाऱ्याला शिव्या घालते. इंजिनाची चेष्टा करते."

"तुम्ही ऐकता, हे तिला माहीत आहे?"

"कशाला सांगायचं? मग जपून बोलेल."

संध्याकाळी सेल उतरत आले, तसे बाईंनी दुकानातले भरलेले चार घातले. काकांनी आवाजाची कळ फिरवली. खरखरीतून एका बाईमाणसाचा आवाज आला, जाडसर, दमलेला. "बंदर, धक्क्याला लागलो. दोर बांधले. वाऱ्याने आज पिट्टा पाडला. उद्या याचा हिशेब करू. ओव्हर."

"बापावर गेलीय," सासूबाई म्हणाल्या.

"घसा बसलाय तिचा," काका म्हणाले.

"मग करा की फोन. विचारा."

"घसा बसलाय हे तुम्हाला कसं कळलं, असं विचारेल." त्यांनी रेडिओ बंद केला. दिवसभरात त्यांनी तो पहिल्यांदाच स्वतःहून बंद केला.

बाईंनी त्यांना चार सेलांचा आणखी एक जोड दिला, तसाच, लहान आकड्याचा. एक जोड रेडिओत, दुसरा चार्जरवर. मध्ये एकदा बदलायचे की संध्याकाळची काळजी नाही. काकांना पटेना. आज सेल संपतच आले होते, पण रोज टग बाहेर असताना बदलायचे म्हणजे तेवढा वेळ रेडिओ बंद पडणार.

"तेवढ्यात बुडत नाही टग," सासूबाई म्हणाल्या.

"मला माहीत आहे, आजी," ते म्हणाले. पण जोड घेऊन जाताना दारात घुटमळले. शेवटी त्यांनीच तोड काढली आणि पाठमोरेच ती सांगून टाकली.

हल्ली ते दुपारी, टग जेवणासाठी धक्क्याला बांधलेली असते तेव्हा, सेल बदलतात. आणि त्याच वेळी स्वतःही जेवून घेतात.